डाव्या काठाची नोंद

माझी डोंग्याची गोष्ट तुमच्या कानांवर आलेली असणारच. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींत ती न ऐकलेला माणूस म्हणजे एकतर कालच हावडा स्टेशनावर उतरलेला, नाहीतर ठार बहिरा. गणपतीची आरती झाली, खिरापत वाटून झाली, की मागून कुणीतरी ओरडायचंच, "आपटे, होऊन जाऊ द्या डोंगा!" आणि मी — आढेवेढे घेण्याचं नाटकसुद्धा न करता — धोतराचा सोगा सावरून उभा राहायचो.

त्या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे. तो मात्र आजवर एकाही माणसाला ऐकवलेला नाही. मित्रांना नाही, बायकोला नाही. हशा पिकला की तिथेच मी खाली बसत आलो. हसून डोळे पुसणाऱ्या माणसाला पुढचं काही विचारायचं सुचत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? — ते मलाही ठाऊक नाही. पण आधी पूर्वार्ध ऐकावा लागेल, आणि तो मी गमतीनेच सांगणार. सवय आहे. दुसऱ्या कुठल्या सुरात तो मला सांगताच येत नाही.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती. पुण्याहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी कलकत्त्याला आलो, कारण मामा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते आणि "पोराला कुठेतरी चिकटवतो" असं त्यांनी आईला कळवलं होतं. पश्चिमेच्या डोंगरांतून बंगालात उतरणाऱ्या एका नदीवर मोठं धरण व्हायचं होतं. पूर अडवायचा, वीज करायची. नदीचं नाव सांगत नाही. माझ्या हातून तिचं व्हायचं तेवढं वाईट झालेलं आहे. त्या धरणाच्या कलकत्त्यातल्या कचेरीत मी चिकटलो.

माझे वरिष्ठ घोषालबाबू. गळ्यात मफलर, खिशात भिंग, आणि डोक्यात एकच कल्पना — त्या काळी ती ऐकून इंजिनियर लोक हसायचे. ते म्हणायचे, "हे लोक पाणी मोजतात, वीज मोजतात. काठावरचं गवत कोण मोजणार? तू मोज, बर्गी!" बर्गी म्हणजे मी. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या घोडेस्वारांनी बंगाल लुटला, त्यांना इकडे बर्गी म्हणतात. त्यात मी खोली घेतली होती बागबाजारला, जिथून मराठ्यांना अडवायला खणलेला तो जुना खंदक सुरू व्हायचा. "दोनशे वर्षं लागली," घोषालबाबू म्हणायचे, "पण शेवटी एक जण खंदक ओलांडून आलाच. तोही घोड्याशिवाय, ट्राममधून!"

त्यांची कल्पना सरळ होती. धरण होण्याआधी नदीच्या दोन्ही काठांनी पायी फिरायचं. कुठे काय उगवतं ते वहीत लिहायचं. धरण झाल्यावर, तीन-चार वर्षांनी, त्याच जागी जाऊन पुन्हा लिहायचं. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. नदीचं पाणी अडवल्यावर काठाचं काय होतं ते त्यातून दिसेल. "आधीची यादी पुन्हा कधीच करता येणार नाही, लक्षात ठेव," हे त्यांनी मला निघताना दोनदा सांगितलं. दोनदा! — आणि मी दोनदा मान हलवली.

पौषात निघालो. डोक्यावर टोपी, खांद्याला झाडपाला ठेवायचा पत्र्याचा डबा, आणि गळ्यात दुर्बीण. ही दुर्बीण लष्कराची जुनी. लढाई संपल्यावर फोर्ट विल्यमच्या बाजूला असल्या वस्तूंचे ढीग विकायला यायचे, त्यातली. तिच्यातून झाडं बघायची नसतात, पण ती गळ्यात असली की माणूस शास्त्रज्ञ दिसतो.

दहाव्या की अकराव्या दिवशी एका गावासमोर पोचलो. गाव डाव्या काठावर, मी उजव्या. मध्ये नदी, आणि नदीवर डोंगा — म्हणजे ताडाचं खोड मधून कोरलेलं, एक माणूस मावेल न मावेल असं. मी सातारच्या बाजूचा. आमच्या गावात पाण्याला खोली असते ती विहिरीत, आणि विहिरीत आम्ही कळशी सोडतो, स्वतःला नाही. नावाडी काठावरूनच डोंगा ढकलून देत म्हणाला, "बाबू, मधोमध बसा, हलू नका." मी मधोमध बसलो. मग टोपी उडाली म्हणून हललो.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. मी कसा "वाचवा" म्हणून मराठीत ओरडलो, नावाडी काठावरून काय सांगत होता ते मला कसं कळेना, आणि शेवटी तो पाण्यात चालत येऊन माझ्याजवळ उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याखाली होतं. पलीकडच्या काठावर वीस-पंचवीस बायका काम सोडून उभ्या होत्या. त्या हसल्या. तसं हसणं मी जन्मात ऐकलेलं नाही — एकीचं संपलं की दुसरीचं सुरू. डबा वाहत निघाला तेव्हा तर दोघी खालीच बसल्या.

इथे टाळ्या. इथे मी खाली बसतो.

बायको मात्र एकदा — लग्नानंतर वर्षभरात असेल — पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, पण मग तुम्ही पलीकडे गेलात कधी?" शंभर माणसांत हा प्रश्न तिला एकटीला पडला. मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी गेलो ना." ती म्हणाली, "मग ते का नाही सांगत?" मी म्हटलं, "त्यात काय गंमत?"

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

पाण्याला भ्यालो म्हणून? असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण पाणी किती खोल आहे ते तर सगळ्या गावाने मला दाखवून दिलं होतं! लुंगी वर धरून चालत गेलो असतो तरी पोचलो असतो. मी त्या बायकांना भ्यालो. पंचवीस वर्षांचा पदवीधर, कचेरीचं पत्र खिशात असलेला — आणि मला पुन्हा त्या बायकांपुढे उभं राहायचं नव्हतं.

आणि हसून झाल्यावर त्यांनी काय केलं? हे मी गोष्टीत कधीच सांगत नाही. त्यांनी माझा डबा अडवला, पुसला, आणि नावाड्याबरोबर परत धाडला. सोबत एक चटई. नवी, सोनेरी, कडेला विटकरी पट्टा. नावाडी म्हणाला, क्षीरोदामासीने पाठवलीय. बाबू भिजलाय, त्याला म्हणावं उन्हात हिच्यावर बस, वाळू गार असते. मी पलीकडे पाहिलं. एक उंच, पांढऱ्या साडीतली विधवा बाई हात वर करून बस, बस, असं खुणावत होती.

मी बसलो. दिवसभर बसलो. आणि त्या चटईवर बसून, दुर्बीण डोळ्यांना लावून, मी डाव्या काठाची यादी केली.

दुर्बिणीतून काय दिसलं? नदीला लागून सखल, सपाट, करडी जमीन, दीडएक मैल. तिच्यावर काही नाही. बांधावर काठ्यांच्या जुड्या वाळत घातलेल्या. मी म्हटलं, सरपण असेल. वर काशाच्या गवताचे वाळके तुरे, चार ताड, बांबूचं बेट. हे सगळं मी लिहिलं. आणि सखल जमिनीपुढे लिहिलं — "उघडा गाळ. वनस्पती नाही."

तुम्ही म्हणाल, दिसलं ते लिहिलं, त्यात खोटं काय? वहीच्या त्या पानावर वरच्या कोपऱ्यात एक ओळ भरायची असायची: पाहणी कशी केली. मी लिहिलं — "दोन्ही काठ पायी फिरून."

ती जमीन उघडी नव्हती. ती कापलेली होती. तिथे मादुरकाठी उगवायची — एक प्रकारचं लव्हाळं, पुरुषभर उंच, तिकोनी देठाचं. पावसाळ्यात नदी चढून त्या जमिनीवर पसरायची, महिनाभर थांबायची, गाळ टाकून उतरायची. त्या गाळात ते फोफावायचं. दिवाळीच्या सुमाराला कापायचं, देठ चिरायचे, वाळवायचे आणि वर्षभर चटया विणायच्या. सारं गाव त्याच्यावर. मी पौषात गेलो, तेव्हा शेतात नुसते खुंट होते आणि खुंटांभोवती गाळ. एखाद्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मी ज्याच्यावर बसलो होतो ते काय आहे, एवढं जरी विचारलं असतं! वनस्पतिशास्त्राचा पदवीधर लव्हाळ्यावर बसून लिहितोय, इथे लव्हाळं नाही. विनोद म्हणून हा डोंग्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण हा मी कधी सांगितला नाही — का, ते आता येतंच आहे.

धरण झालं. दरवाजे लागले. कलकत्त्यात वर्तमानपत्रांत फोटो आले. मी नोकरीत कायम व्हायच्या बेतात होतो, डोंग्याची गोष्ट एव्हाना कचेरीत बंगालीतूनही सांगू लागलो होतो. आणि एके दिवशी कचेरीत तीन माणसं आली. दोन पुरुष आणि एक उंच, पांढऱ्या साडीतली बाई.

त्यांचा अर्ज होता. मादुरकाठी मरत चाललीय. गावाला नव्या कालव्याशेजारची पाणथळ जमीन मिळावी, म्हणजे ती तिथे लावता येईल. लव्हाळ्याचे गड्डे त्यांनी घरामागच्या डबक्यात जगवून ठेवले होते. पण डबक्यात ते किती दिवस जगणार? एक पावसाळा, फार तर दोन. जमीन द्यायला कचेरी तयार होती. अट एकच — धरणाआधीच्या पाहणीत त्या गावचं ते पीक नोंदलेलं असलं पाहिजे. म्हणजे माझ्या वहीत.

सुनावणी एका लांब खोलीत झाली. टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, बाजूला इंजिनियर, घोषालबाबू, मी. क्षीरोदामासीला खुर्ची दिली होती, ती तिच्या अगदी कडेवर बसली होती. तिला आधी बोलू दिलं. ती बंगालीत बोलली, कारकून इंग्रजीत सांगत गेला. तिचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. ती म्हणाली, "पूर्वी नदी वर्षातून एकदा घरी यायची. महिनाभर राहायची, ओटी भरून जायची. आता रोज येते. सकाळी येते, संध्याकाळी येते, आणि रिकाम्या हाताने येते. कोंब दिसला की बुडवते, मूळ धरलं की उघडं पाडते. असा रोजचा पाहुणा कुणाला परवडतो, बाबा?"

इंजिनियर हसले. घोषालबाबू हसले नाहीत. ते पुढे वाकून ऐकत होते. विजेची मागणी वाढली की दरवाजे उघडायचे, कमी झाली की लावायचे. त्या हिशेबाने पाणी रोज हातभर वर-खाली होतं आणि काठावर काही रुजू शकत नाही — ज्या गोष्टीसाठी त्यांनी मला वही घेऊन धाडलं होतं, ती ही बाई न शिकता सांगत होती. ते माझ्याकडे वळले. किती आशेने वळले, सांगू? त्यांना वाटत होतं, बर्गीच्या वहीत हे सारं असणार.

साहेबांनी वही उघडली. वाचलं. "उघडा गाळ. वनस्पती नाही." मग मला विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं — साहेब, मी पलीकडे गेलोच नव्हतो. नोकरी कदाचित गेली असती. कदाचित नुसतं ओरडून सोडलं असतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात नोकरी नव्हती, हे मी तुम्हाला खरं सांगतो. डोक्यात एवढंच होतं, की या खोलीतले सगळे हसतील. मी स्वतःच्या फजितीवर लोकांना हसवतो, ते मी ठरवीन तेव्हा, मी ठरवीन तितकं. हे हसणं मी ठरवलेलं नसणार होतं.

"हो," मी म्हणालो. "स्वतः."

कारकुनाने ते बंगालीत सांगितलं. क्षीरोदामासीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिला राग नाही आला हो! तिला मी सापडलो. "ओ मा, हे तर आमचे डोंग्यातले बाबू!" ती म्हणाली. "बाबू, विसरलात? तुम्ही दिवसभर आमच्या मादुरवर तर बसला होतात! सांगा ना यांना."

कारकुनाने हेही इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. "चटईवर बसला होतात?"

आणि मी — तुम्हाला माझा हजरजबाबीपणा ठाऊकच आहे — इंग्रजीत म्हणालो, "बसलो असेन, साहेब. आत्ता मी सागवानी खुर्चीवर बसलोय. तर या खोलीत सागाचं रान आहे, असं लिहून घेऊ का?"

खोली हशाने दणाणली. साहेब हसले, इंजिनियरांनी टेबलावर थापा मारल्या, कारकूनसुद्धा तोंडावर कागद धरून हसला. माझ्या आयुष्यात इतका नेमका विनोद मी आधी केला नव्हता, नंतरही नाही. आणि सगळे हसतायत म्हणून क्षीरोदामासीही हसली. इंग्रजी तिला येत नव्हतं. तिला वाटलं, बाबूंना आठवलं, बाबू काहीतरी गमतीचं सांगतायत — डोंग्याचंच असेल. मग कारकुनाने तिला ते बंगालीत सांगितलं. तिचं हसू अजून ओठांवर होतं, तेवढ्यात तिला अर्थ कळला. ते लगेच गेलं नाही. तिथेच राहिलं, आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना.

अर्ज नामंजूर झाला. वाक्य दोन ओळींचं होतं, आणि त्यात माझ्या पाहणीचा हवाला होता. महिन्याभराने मी नोकरीत कायम झालो.

आणखी दोन वर्षांनी नंतरची यादी करायची वेळ आली. घोषालबाबूंनी दुसऱ्या कुणाला धाडलं असतं तर? पण त्यांच्या शिस्तीप्रमाणे दोन्ही पाहण्या एकाच माणसाने करायच्या, म्हणजे नजर बदलत नाही.

गेलो. दरवाजे लागलेले होते, पाणी उतरलेलं, वाळूतून चालत पलीकडे पोचलो. हसायला काठावर कुणी नव्हतं. पाण्यापासून कंबरेइतक्या उंचीपर्यंत काठ धुऊन नागडा झालेला. बांबूच्या बेटाची मुळं हवेत लोंबत होती. त्याच्या वर, जिथे पाणी आता कधीच पोचत नव्हतं, तिथे एरंड आणि घाणेरी माजली होती. काशाचं गवत कुठे दिसलं नाही. गावात एक म्हातारा दाराशी बसला होता. मी क्षीरोदामासीचं घर विचारलं. "ती भाच्याकडे गेली," तो म्हणाला, "कोळशाच्या खाणीकडे. सात-आठ घरं तिकडेच गेली." डबक्यातल्या गड्ड्यांचं विचारलं. त्याने हात हलवला. दुसऱ्या पावसाळ्यात कुजले.

मग मी त्या सखल जमिनीत गेलो आणि चाकूने खणलं. वीतभर खाली ते होते — काळे पडलेले गड्डे, एकाला एक लागून, जिथे खणावं तिथे. दीड मैल. एक गड्डा धुऊन हातात घेतला असता आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला असता, तरी उरलेल्या घरांसाठी अर्ज पुन्हा उघडला असता. अजून पंधराएक घरं होती तिथे. मी डबा भरून गड्डे घेतले. त्या दिवशी मी खरी यादी केली — पायी फिरून, गुडघ्यावर बसून, एकेक झुडूप ओळखून. इतकी चांगली यादी मी कधीच केली नव्हती.

परत येताना, स्टेशनावर गाडीची वाट बघत असताना, डबा रुळांच्या पलीकडे गटारात रिकामा केला. ती यादी दिली तर आधीची खोटी ठरत होती ना!

कचेरीत बसून, जुन्या यादीवरूनच अहवाल लिहिला. घोषालबाबूंनी तो दोनदा वाचला. भिंग काढलं, मफलरने पुसलं, परत खिशात ठेवलं. "मला वाटलं होतं, काठावर काहीतरी फरक पडत असणार," ते म्हणाले. "म्हातारा चुकला, बर्गी." त्यानंतर गवत मोजायची गोष्ट त्यांनी कुठल्याच धरणाच्या वेळी काढली नाही.

तो अहवाल अजून कुठल्यातरी कपाटात असेल. त्यात डाव्या काठाच्या सखल जमिनीला एकच ओळ आहे. आधी: उघडा गाळ, वनस्पती नाही. नंतर: उघडा गाळ, वनस्पती नाही. फरक: नाही. पाहणी दोन्ही वेळा पायी फिरून. खाली सही माझी आहे.